अभ्यास ‘मंजूर’ आहे म्हणतात. पण मंजुरी कोणी दिली आणि कशाची?

परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिथं वैद्यकीय महाविद्यालय येतं तिथं संशोधनही येतं. विद्यार्थ्यांचे प्रबंध, प्राध्यापकांचे प्रकल्प, दिल्ली-मुंबईच्या संस्थांचे सर्व्हे. कृषी विद्यापीठ तर आपल्याकडे 1972 पासून आहे, आणि शेतकऱ्यांच्या बांधावर प्रश्नावली घेऊन येणारी मुलं गावांना नवी नाहीत. म्हणजे येत्या काही वर्षांत दारावर फॉर्म घेऊन येणारे वाढणार आहेत, शहरातल्या मोहल्ल्यांत आणि जिंतूर, गंगाखेड, पाथरीच्या गावांतही.

अशा वेळी आपल्याकडे बहुतेक दोनच गोष्टी होतात. एकतर "सरकारी आहे, देऊन टाका ना सही" म्हणून सही किंवा अंगठा दिला जातो. नाहीतर दार लागतं. 2020 च्या सुरुवातीला एनआरसीच्या धास्तीत देशात ठिकठिकाणी साध्या सर्वेक्षणाला आलेल्या पोरीबाळींनाही लोकांनी हाकलून दिलं. ती धास्ती का होती हे सगळ्यांना माहीत आहे. पण डोळे मिटून सही करणं आणि डोळे मिटून दार लावणं, दोन्हीत आपण काही विचारलेलं नसतं.

आलेला माणूस एक वाक्य हमखास बोलतो, "आमचा अभ्यास मंजूर आहे." हे वाक्य नीट समजून घेऊ.

माणसांवर किंवा माणसांच्या माहितीवर आरोग्याचा अभ्यास करायचा असेल तर त्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारचे 2019 चे नियम आहेत. समितीत किमान सात माणसं असावी लागतात. सगळे डॉक्टर चालत नाहीत. कायदा जाणणारा हवा, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा माणूस हवा, आणि वैद्यकाशी काहीही संबंध नसलेला एक साधा नागरिकही हवा. निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच. कारण उघड आहे. घरच्याच लोकांनी घरच्यांना परवानगी द्यायची तर ती कोण नाकारणार?

ही समिती काय तपासते? अभ्यासातून काही कळण्यासारखं आहे का, माणसाला होऊ शकणारा त्रास फायद्याच्या मानाने जास्त तर नाही ना, गरीब आहेत म्हणून त्यांनाच निवडलं का, माहिती कुठं आणि किती दिवस ठेवणार, आणि सहमतीचा कागद लोकांना समजेल असा आहे का. म्हणजे मंजुरीचा अर्थ एवढाच की ‘हा प्रश्न लोकांना विचारायला हरकत नाही’. तुमच्या वतीने कोणी ‘हो’ म्हटलेलं नाही. कमिटीने हजार वेळा मंजूर केलं तरी तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता, आणि आज ‘हो’ म्हणून परवा ‘आता बस्स’ असंही म्हणू शकता. त्यावरून सरकारी दवाखान्यातला तुमचा इलाज कोणी थांबवू शकत नाही.

मंजुरी आणि सहमती यांची गल्लत केली की काय होतं, ते आपल्याच देशात दिसलं आहे. 2009 साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. कागदोपत्री मंजुऱ्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर 2010 मध्ये तो थांबवावा लागला. ते मृत्यू लशीमुळे झाले असं चौकशीत आढळलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण सहमतीचे कागद तपासले तेव्हा निराळंच निघालं. संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या अहवालात नोंदवलं, की आंध्रमधल्या 9,543 फॉर्मपैकी 2,763 फॉर्मवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आईबाप गावात, पोरी आदिवासी वसतिगृहात, आणि सही तिसऱ्याचीच.

याहून मोठी गोष्ट नायजेरियातल्या कानो शहराची आहे. आपल्या वाचकांनी ती आवर्जून माहीत करून घ्यावी. 1996 साली तिथं मेंदूज्वराची मोठी साथ आली होती. मुस्लिमबहुल शहर, गर्दीने फुटलेला सरकारी दवाखाना, मांडीवर तापलेली लेकरं घेऊन बसलेल्या आया. तिथं फायझर कंपनीने 200 मुलांवर चाचणी केली. शंभरांना ट्रोवॅन हे नवं औषध आणि शंभरांना आधीपासून वापरात असलेलं औषध. दोन्ही गटांत मिळून 11 मुलं दगावली, काहींना कायमचं अपंगत्व आलं. त्या साथीत मुलं मरतच होती, त्यामुळे कोणतं मूल कशाने गेलं हा वाद राहिला. पण पालकांचं म्हणणं होतं, की हे प्रयोगातलं औषध आहे असं आम्हाला कोणी सांगितलंच नाही. कंपनी म्हणाली, तोंडी सांगितलं होतं. आणि मंजुरी? एथिक्स कमिटीचं पत्र होतं. पुढे बाहेर आलं, की त्या तारखेला त्या रुग्णालयात अशी कमिटीच अस्तित्वात नव्हती. पत्र मागाहून, मागची तारीख घालून तयार केलेलं होतं. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 2009 साली कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली.

गोष्ट इथं संपत नाही. 2003 साली त्याच कानोमध्ये पोलिओची लस थांबवण्यात आली. लशीत मुलं होऊ न देणारं औषध आहे अशी अफवा होती, आणि ट्रोवॅनची आठवण ताजी असल्यामुळे लोकांना ती खरी वाटली. जवळजवळ वर्षभर डोस बंद राहिले. शेवटी इंडोनेशियाहून, म्हणजे मुस्लिमबहुल देशातून, लस आणली तेव्हा मोहीम पुन्हा सुरू झाली. तोवर उत्तर नायजेरियातला विषाणू अनेक देशांत पोचला होता. 2005 मध्ये तो खुद्द इंडोनेशियातही सापडला. ज्यांनी फसवलं त्यांचं औषध आणि ज्याने लेकरं वाचतात ती लस, दोन्ही एकाच तराजूत गेलं. किंमत पोलिओने पाय गेलेल्या मुलांनी मोजली. आपल्याकडे 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने मुलं गेली, तेव्हाही लसीकरण कमी पडलेल्या वस्त्यांचीच नावं पुढं आली. त्यामागं कारणं अनेक होती, पण अविश्वास त्यातलं एक नक्कीच.

मग अभ्यासात भाग घ्यावा की नाही? माझं मत विचाराल तर चांगल्या अभ्यासात जरूर घ्यावा, पण विचारून.

बाळंतपणानंतर आशाताई घरी येते, वजनकाटा काढते, बाळाचा ताप बघते. ही पद्धत कुठून आली? डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत 1993 पासून केलेल्या अभ्यासातून. 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी घेतली गेली, 47 गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या, आणि दोन्हीकडचे बालमृत्यू मोजले. काळजी घेतलेल्या गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभर आशांच्या कामात गेलं. आज परभणीच्या मोहल्ल्यातलं बाळ त्याचा फायदा घेतं, कारण तिकडच्या आयांनी आपल्या घराचं दार उघडलं होतं.

रमजानचं उदाहरण तर आपलंच. साखरेच्या आजाराच्या माणसाने रोजा ठेवावा का, इन्सुलिन कधी घ्यावं, कोणी अजिबात ठेवू नये, हे आज डॉक्टर ज्या आधाराने सांगतात त्याच्या मुळाशी 2001 सालचा एपिडायर नावाचा अभ्यास आहे. 13 मुस्लिम देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही लोकांची माहिती त्यात घेतली होती. टाइप 2 च्या रुग्णांपैकी 79 टक्के लोकांनी महिन्यात किमान 15 दिवस रोजे ठेवले होते. डॉक्टर नको म्हणाले तरी लोक रोजा ठेवणारच, हे त्यातून कळलं, आणि सल्ल्याची दिशाच बदलली. आपल्या माणसांनी माहिती दिलीच नाही, तर आपल्या सवयींचा विचार करून औषधाची वेळ कोण ठरवणार?

आणि शेजारच्या बीडमध्ये 2019 साली ऊसतोड बायांचं सर्वेक्षण झालं. 82,309 बायांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कुजबूज वर्षानुवर्षं होती. आकडा आल्यावर विधिमंडळाला दखल घ्यावी लागली.

आता दारावर कोणी आलं तर. पहिला प्रश्न, कोणत्या संस्थेचे आणि कमिटीची मंजुरी कुठं आहे? पत्र किंवा त्याचा क्रमांक त्यांच्याकडे असतोच. औषध, लस किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय क्रमांक मागा. ही देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, 2007 पासून चालू आहे आणि मोबाइलवर कोणालाही फुकट बघता येते. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. नोंद सापडली नाही तर सही नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हा इलाज आहे की अभ्यास? डॉक्टर तोच, खोली तीच, म्हणून आपल्याला दोन्ही एकच वाटतं. इलाजात डॉक्टर तुमच्यासाठी निर्णय घेतो. चाचणीत तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे कित्येकदा चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. भाग नाही घेतला तर कोणता इलाज मिळेल, हे तिथंच विचारून घ्या. चाचणीमुळे त्रास झाला तर मोफत उपचार आणि भरपाई देणं 2019 च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्यासाठी पैसे मागितले तर काहीतरी गडबड आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. सहमतीचा कागद भाग घेणाऱ्याला कळणाऱ्या भाषेतच हवा. आपल्या घरात दखनी बोलतात, खाला उर्दू शाळेत शिकलेली, आणि हातात कागद मराठी किंवा इंग्रजी. "हमको नहीं समझा" असं म्हणायला लाजायचं कारण नाही. उर्दूत मागा, किंवा वाचून दाखवायला सांगा. वाचता येत नसेल तर संस्थेशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो; फॉर्म घेऊन आलेल्या पोराचाच जोडीदार साक्षीदार म्हणून चालत नाही. मुलांच्या बाबतीत आईबापाची सही, आणि सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत विचारून त्याचाही होकार. मुख्याध्यापकांचा नाही. मस्जिदीतून ऐलान झाला म्हणजे मोहल्ल्याची सहमती झाली, असंही नाही. ऐलानाने माहिती पोचते, सही ज्याची त्याची. सहमतीच्या कागदाची एक प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे, कारण तक्रार कुठं करायची तो फोन नंबर त्याच कागदावर असतो.

शेती, पाणी, समाज यांच्या अभ्यासांत मात्र जरा ढिलाई आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी स्वतःची नीतिशास्त्र समिती आहे, पण मजुरी, कर्ज, शिक्षण विचारणाऱ्या प्रत्येक सर्व्हेवर औषध चाचणीसारखा कडक नियम नाही. म्हणून तिथं जास्त जपून. आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, ओटीपी यांची बहुतेक अभ्यासांना गरजच नसते. मागितलं तर कशाला हवं ते विचारा, आणि पटलं नाही तर देऊ नका. बाकी पीक किती आलं, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, पोरगी शाळेत का जात नाही, हे सांगण्यात बिघडत काही नाही.

जनगणना मात्र या सगळ्यांत धरू नका. 2027 ची जनगणना हा अभ्यास नव्हे. 1948 च्या जनगणना कायद्याने तिथं उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि त्याच कायद्याने ती माहिती गोपनीय ठेवणंही. त्यात एक मजेशीर सवलत आहे: नवऱ्याचं नाव घ्यायचा रिवाज नसेल, तर बाईवर ते सांगायची सक्ती नाही. आपल्या थोरल्या बायांना हे सांगून ठेवा.