पोहता येतं, म्हणून निर्धास्त राहू नका

बुडालेल्या माणसाला रुग्णालयात आणतात, तेव्हा नातेवाईक हमखास म्हणतात, 'डॉक्टर, त्याला तर चांगलं पोहता येत होतं!' त्यांचं म्हणणं खरं असतं. पण गार पाण्यात पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हतबल होतो.

गार पाण्यात अचानक पडलं की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. याला 'कोल्ड शॉक' म्हणतात. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला, तर पाणी फुप्फुसात जातं. हृदयविकार असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हा जोर दोन-तीन मिनिटांत ओसरतो. मग हातापायांतलं रक्त आत ओढलं जातं, बोटं वळेनाशी होतात. पाणी खूप गार असेल, तर दहा-पंधरा मिनिटांत दोर धरण्याचंही बळ राहत नाही. अंग गारठून शुद्ध हरपायला मात्र बर्फासारख्या पाण्यातही साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे अनेक जण गारठून जाण्याआधीच बुडतात.

'आपल्याकडे कुठे बर्फाचं पाणी?' असं वाटेल. पण कोल्ड शॉकची सुरुवात 25 अंश सेल्सिअसखालच्या पाण्यातच होते. 10 ते 15 अंशांना तो सर्वांत तीव्र असतो. हिवाळ्याच्या रात्री आपल्या धरणांतलं पाणीही बरंच गार असतं. त्यात थर्माकोलचा तराफा, ट्यूब किंवा छोटी होडी. जाळं ओढताना भार एका कडेला गेला की ती कलंडते. अंधारात काठ कुठल्या बाजूला हे कळत नाही, जोडीदार दिसत नाही, पाय जाळ्यात अडकतो. दारू घेतली असेल तर तोल आणि भान दोन्ही जातं.

मार्च 1984 मध्ये आइसलँडजवळ रात्री एक मासेमारी बोट उलटली. पाणी होतं पाच-सहा अंश. पाच जणांपैकी गुडलौगुर फ्रिडथॉरसन हा एकटाच पाच-सहा तास पोहून किनाऱ्याला लागला. त्याच्या त्वचेखालची चरबी असाधारण जाड असल्याचं पुढे तपासणीत आढळलं. असा माणूस लाखात एक. आपण त्याच्या भरवशावर राहू नये.

मग करायचं काय? लाइफ जॅकेट होडीत ठेवू नका, अंगात घाला. पाण्यात पडल्यावर ते घालायला हात चालत नाहीत. एकट्याने जाऊ नका. घरी परतायची वेळ सांगा. शिट्टी आणि बॅटरी गळ्यात असू द्या. पाण्यात पडलात, तर आधी तरंगत राहा, श्वास ताळ्यावर येऊ द्या. उलटलेली होडी सोडू नका.

बाहेर काढलेल्या माणसाला आडवंच ठेवा, चालवू नका. श्वास थांबला असेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीदाब सुरू करा, 108 ला फोन करा. श्वास चालू असेल तर ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळा. हातपाय चोळू नका, दारू पाजू नका, शेकोटीजवळ बसवू नका. अंग थंडगार लागतं म्हणून प्रयत्न सोडू नका. गारठलेला देह मृतासारखा दिसतो, तरी जीव असू शकतो.