उसाच्या पट्ट्यात साखरेचा हिशेब

आपल्या उसाचं वजन किती भरलं, हे कळायला वारणा खोऱ्यातल्या शेतकऱ्याला एकेकाळी हेलपाटे घालावे लागत. १९९८ मध्ये सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या ७० गावांत त्यासाठी संगणक केंद्रं उभी राहिली. पुढे ती यंत्रणा जुनी झाली. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात काही गावांमध्ये तेच काम साध्या मोबाईलवर, एसएमएसने करून पाहिलं. काम भागलं, तेही कमी खर्चात.

रक्तातल्या साखरेलाही हाच हिशेब लागू पडतो. दंडावर चिकटवायचा सेन्सर दोन आठवडे साखरेचा चढउतार फोनवर दाखवत राहतो. इन्सुलिन घेणाऱ्याला त्याचा मोठाच आधार, पण खिसा तेवढा खोल हवा. सातारा-सांगलीतल्या बहुतेक ‘शुगरवाल्यां’चं दुखणं निराळं आहे. तपासणी होते, गोळ्या सुरू होतात, दोन महिन्यांत बरं वाटतं आणि दवाखान्याची पायरी सुटते. मधुमेह सुरुवातीला दुखत-खुपत नाही, हीच त्याची लबाडी. डोळे, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा मात्र आतून बिघडत राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्यांच्या मागे कोण लागणार?

इथे फोन कामाला येतो. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये आखला गेला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सातारा होता. या उपक्रमात ‘सिंपल’ नावाचं अ‍ॅप वापरात आलं. त्यात आता रक्तदाबाबरोबर साखरेचीही नोंद करता येते. रुग्णाकडे क्यूआर कोड असलेलं कार्ड असतं. सिस्टरने ते मोबाईलसमोर धरलं की मागचे सगळे आकडे समोर येतात. आजचा आकडा टाकायला अर्धं मिनिटही लागत नाही. रेंज नसली तरी नोंद होते, हे डोंगरकपारीतल्या केंद्रांसाठी महत्त्वाचं. पण खरी करामत पुढेच आहे. तारीख उलटूनही जे आले नाहीत, त्यांची यादी अ‍ॅप काढून देतं आणि सिस्टर तिथूनच त्यांना फोन लावू शकते. ‘काका, गोळ्या संपल्या असतील की, आला नाहीत?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

साध्या संदेशांत किती जोर असतो, ते चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाचे एसएमएस पाठवले गेले. दोन वर्षांत त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना मधुमेह झाला; ज्यांना संदेश नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण २७ टक्के होतं. शहरी, नोकरदार पुरुषांवरचा हा अभ्यास जसाच्या तसा ऊसतोड मजुराला लावता येणार नाही, हे खरं. बीडकडून हंगामाला आलेलं कुटुंब चार-पाच महिने कोपीत राहतं. इन्सुलिन ठेवायला तिथे फ्रिज कुठला? गावाकडच्या केंद्राचं कार्ड इथल्या केंद्रात चाललं, तरच त्यांचे उपचार अखंड राहतील.

आणि फोनमध्ये जाणारा आकडाच चुकीचा असेल तर? गुऱ्हाळात काम केलेली किंवा नुकतंच फळ कापलेली बोटं तशीच टोचली, तर ग्लुकोमीटर भलतीच साखर दाखवतो. हात साबणाने धुऊन, पुरते कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचावं. पट्टीची मुदत बघावी. आकडा ७० च्या खाली आला किंवा घाम फुटून हात थरथरू लागले, तर अ‍ॅप उघडत बसू नये. शुद्धीवर असेपर्यंत आधी साखर तोंडात टाकावी, मग फोन हातात घ्यावा.

शेवटी एक विनंती. दवाखान्यात नाव नोंदवताना अनेक ज्येष्ठ मंडळी पुण्या-मुंबईच्या मुलाचा नंबर देतात. सिस्टरचा फोन मग कंपनीच्या मीटिंगमध्ये वाजतो आणि निरोप गावापर्यंत येतच नाही. तेव्हा आपल्या घरात, आपल्या हाताशी वाजणारा नंबर द्या, आणि सिमकार्ड बदललं तर तेही केंद्रात जाऊन सांगा.