ब्राझीलचा ‘नोवो मर्कादो’

उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमध्ये अनेक मोठ्या कंपन्यांची सूत्रे एखाद्या कुटुंबाच्या किंवा सरकारच्या हाती असल्यामुळे कंपनी सुशासनाचा, म्हणजे संचालकांना भागधारकांपुढे उत्तरदायी ठेवणाऱ्या नियमांचा, खरा कस छोट्या भागधारकांच्या संरक्षणात लागतो. ब्राझीलच्या १९७६ च्या कायद्याने दोन-तृतीयांशापर्यंत भाग मताधिकाराविना काढण्याची मुभा दिली होती. त्यामुळे भांडवलाच्या एक-षष्ठांशाहून किंचित अधिक वाटा असणाराही कंपनीवर पूर्ण ताबा ठेवू शके, आणि हा उघड अन्यायच होता. साओ पावलोच्या शेअर बाजाराने २००० साली कंपन्यांनी स्वेच्छेने करार करून दाखल व्हावयाचा ‘नोवो मर्कादो’ हा विभाग सुरू केला, ज्यात प्रत्येक भागाला एक मत असते आणि ताबा विकला गेल्यास छोट्या भागधारकांनाही तोच भाव द्यावा लागतो. पहिली कंपनी त्यात २००२ साली आली.