छपरावरच्या पावसाचा हिशेब
(लेखमाला : प्रकल्प आपला आपण – भाग ४)

मागच्या भागात विषय आणि प्रश्न यांतला फरक पाहिला. ‘पाणीटंचाई’ हा विषय झाला; त्यावर जन्मभर काम केले तरी पुरे पडणार नाही. ‘आमच्या शाळेच्या छपरावर पडणारे पाणी स्वच्छतागृहाला किती दिवस पुरेल?’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर एका आकड्यात येते आणि तो आकडा नववीतली मुले स्वतः काढू शकतात. जलसुरक्षेच्या प्रकल्पासाठी आज हाच प्रश्न शेवटापर्यंत नेऊ.

सातारा-सांगलीत या प्रश्नाचे तयार उत्तर कुठेच मिळणार नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माणला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. सांगलीत पश्चिमेचा शिराळा चिंब, तर पूर्वेचे आटपाडी आणि जत कोरडे. त्यामुळे नेटवरून प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून दिलेला प्रकल्प इथे पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

पहिले काम मोजणीचे. छपरावर चढू नका. जमिनीवरच भिंतीलगत लांबी-रुंदी घ्या आणि छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग त्यात मिळवा. छप्पर उतरते असले तरी असे आडवे क्षेत्रफळच धरायचे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सगळा हिशेब यावर उभा आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे २,००० लिटर. काही पाणी उडते, मुरते, गळते. म्हणून पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छपरासाठी साधारण ८० टक्के धरा. हाती आले १,६०० लिटर.

पर्जन्यमापक घरी होतो. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग मोठ्यांकडून कापून घ्या आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ गोलसर असतो, म्हणून खाली खडे टाकून बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा. शून्याची खूण तिथे. झाड आणि भिंत यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते. तुम्हाला ती वेळ जमली नाही तरी चालेल, पण रोजची वेळ एकच हवी. मोजून झाले की पाणी पुन्हा शून्यावर आणा. रविवारी शाळेत कुणी नसेल तर सोमवारचा आकडा ‘दोन दिवसांचा’ म्हणून लिहा. नोंद राहिली तर ‘नोंद नाही’ लिहा. अंदाजाने रकाना भरू नका.

दुसरी बाजू खर्चाची. तीन साध्या दिवशी स्वच्छतागृहात लागणाऱ्या बादल्या मोजा आणि सरासरी काढा. स्नेहसंमेलनाचा किंवा पालकसभेचा दिवस त्यात धरू नका.

आता खरी मेख. पावसाळाभराचे लिटर मिळवून रोजच्या खर्चाने भागले की उत्तर भरघोस येते, पण खोटे. पाणी साठवायला टाकी लागते आणि ती भरली की पुढचा पाऊस वाहून जातो. म्हणून बँकेच्या पासबुकासारखा रोजचा हिशेब ठेवा : कालची शिल्लक, आजची जमा, आजचा खर्च. शिल्लक टाकीच्या मापाहून जास्त झाली तर जादा पाणी काट मारून वजा करा. रोज ४०० लिटर लागत असतील तर वरचे १,६०० लिटर चार दिवस पुरतील. ५,००० लिटरची टाकी गच्च भरली तरी पुढे साडेबारा दिवस. महाबळेश्वरच्या शाळेची टाकी पावसाळाभर वाहील आणि एप्रिलमध्ये तीही रिकामीच असेल, हे या रकान्यांतूनच दिसते.

नोंदी संपल्यावर आपले आकडे कृषी विभागाच्या महसूल मंडळनिहाय पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहा. ते जुळले नाहीत तर आपले खोडू नका. एका शिवारात सर आणि पलीकडे ऊन हे आपल्याकडे नवे नाही. फरक लिहा, संभाव्य कारण लिहा.

शिक्षकांनी प्रश्न विचारावेत, पालकांनी कात्री धरावी. वही मुलांचीच असावी. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वयाच्या मुलांकडून हेच मागते : आपल्या परिसरातला प्रश्न, स्वतः केलेले काम आणि त्याची नोंदवही. सातारकरांना हे परके वाटू नये. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात मुले आपली कामे आपणच करत आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचे वचन आजही शाळांच्या भिंतींवर आहे.

बरेच प्रकल्प सुरू न झाल्याने नव्हे, तर कुठे थांबायचे हे न ठरल्याने रखडतात. सहामाही परीक्षेच्या आधी नोंदी बंद झाल्या, तर अहवालाला निवांत वेळ मिळतो. म्हणून पुढच्या आठवड्यापर्यंत एवढेच करा : वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहा आणि त्याखाली शेवटच्या नोंदीची तारीख घाला. पुढील भागात या नोंदींचा आलेख आणि अहवाल कसा मांडायचा, ते पाहू.