सेकंदाला साडेपाचशे ठिणग्या

घड्याळाचा सेकंदकाटा एक घर पुढे सरकला. तेवढ्यात काय काय होऊ शकतं? तुमची पापणी लवते. छातीतला ठोका एकदा, फार तर दोनदा पडतो. आणि एखादी फेरारी पूर्ण ताकदीने धावत असेल, तर तेवढ्याच वेळात तिच्या इंजिनात साडेपाचशेहून जास्त वेळा ठिणगी पडते! दर ठिणगीला पेट्रोल पेटतं आणि दर वेळी एक पिस्टन खाली ढकलला जातो.

खरं वाटत नाही ना? मग वही-पेन्सिल घ्या, हिशेबच मांडू.

मी राहतो दहिवलीत. उल्हास नदीच्या काठी, कर्जत स्टेशनापासून जवळच. लहानपणापासून मला इटालियन स्पोर्ट्स कारचं वेड आहे. वेड म्हणजे किती? दुरून नुसता आवाज आला, तरी पाय जागच्या जागी थांबतात. या गाड्यांमागचं विज्ञान मात्र मला सगळ्यात छान समजलं ते आपल्या बोरघाटाकडे बघून. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

हिशेबासाठी घेऊ या फेरारी ३६० मोडेना. हीच का, ते पुढे कळेल. तिला सिलिंडर आठ. पूर्ण जोरात तिचं इंजिन मिनिटाला ८५०० फेरे घेतं. ८५०० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला साधारण १४२ फेरे. आता एका सिलिंडरमध्ये डोकावू. तिथे चार कामं क्रमाने चालतात. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, ते दाबायचं, पेटवायचं आणि जळालेला वायू बाहेर टाकायचा. ही चार कामं उरकायला इंजिनाचे दोन फेरे लागतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक ठिणगी. सिलिंडर आठ, म्हणून एका फेऱ्याला ठिणग्या चार. १४२ गुणिले ४ बरोबर ५६८. आला की नाही हिशेब?

असाच हिशेब मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचा करू. तिचं इंजिन चार सिलिंडरचं, जोर लावला की मिनिटाला ४८०० च्या आसपास फेरे घेणारं. सेकंदाला ८० फेरे, एका फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे झाल्या १६०. दर ठिणगीनंतर सायलेन्सरमधून हवेला एक धक्का बसतो. धक्के सेकंदाला जितके जास्त, तितका आवाज वरच्या पट्टीचा. म्हणून पद्मिनी घुमते आणि फेरारी गाते!

आता त्या पिस्टनकडेच जरा नीट पाहू. ३६० मोडेनाचा पिस्टन सिलिंडरमध्ये वरून खाली सरकतो तो फक्त ७९ मिलिमीटर. तुमच्या पट्टीवर आठ सेंटीमीटरसुद्धा पुरे भरत नाहीत. एवढ्याशा जागेत तो सेकंदाला १४२ वेळा खाली आणि १४२ वेळा वर जातो. त्याचा सरासरी वेग काढलात तर येतो ताशी सुमारे ८० किलोमीटर! गंमत म्हणजे दर टोकाला त्याला क्षणभर थांबून उलटं फिरावं लागतं. सेकंदाला २८४ वेळा थांबायचं आणि २८४ वेळा पुन्हा निघायचं. हे हिसके सोसण्यासाठी पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, हलका आणि मजबूत हवा. म्हणून तो टायटॅनियम या धातूचा केलेला असतो. आत-बाहेर हवा सोडणारे वाल्व्ह दर सिलिंडरला पाच, एकूण चाळीस. सगळ्यांच्या वेळा अगदी काटेकोर पाळल्या जातात. कारखान्यात हे इंजिन जुळवणाऱ्या हातांना मी मनापासून नमस्कार करतो.

आता ३६० मोडेनाच का, ते सांगतो. मुंबईत वांद्र्याला साहित्य सहवास नावाची वसाहत आहे. तिथे एक मुलगा राहायचा. घराजवळ गाडीत बसून सिनेमा बघायचं एक मोठं मैदानी थिएटर होतं. हा मुलगा आणि त्याचा भाऊ बाल्कनीत तासन् तास उभे राहून तिथल्या गाड्या बघत बसायचे. मुलाचं नाव सचिन तेंडुलकर. मोठेपणी त्याने पहिली गाडी घेतली ती मारुती ८००. २००२ साली त्याने कसोटीत २९ वं शतक ठोकलं आणि डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली. तेव्हा फियाट कंपनीतर्फे त्याला लाल रंगाची फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या मैदानावर ती त्याच्या हाती दिली मायकेल शूमाकर याने, म्हणजे त्या काळच्या फॉर्म्युला वनच्या राजाने. बाल्कनीतून गाड्या बघण्याचा छंद कुठवर पोचला पाहा!

पण फेरारी देणारी कंपनी फियाट कशी? तर एन्झो फेरारी यांच्या नावाची पहिली गाडी १९४७ साली इटलीतल्या मारानेल्लो गावात तयार झाली. पुढे १९६९ मध्ये फियाटने त्या कंपनीचा निम्मा वाटा घेतला. आणि आपली पद्मिनी? तीही मूळची फियाटच. साध्या माणसांची टॅक्सी आणि शर्यतीची राणी, दोघी एका घरच्या झाल्या. फियाटची गाडी मुंबईत कुर्ल्याला बनवणारी कंपनी म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स. ती १९४४ साली काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. हे वालचंद आधी मोठे कंत्राटदार होते. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं कामही त्यांच्या कंपनीने केलं होतं. म्हणजे ज्यांच्या माणसांनी आपल्या डोक्यावरचा हा डोंगर पोखरला, त्यांच्याच कंपनीतून पुढे इटलीची गाडी महाराष्ट्राच्या रस्त्यावर आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, तिच्याआधीच्या गुबगुबीत फियाटला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे.

इटलीतल्या आणखी एका गाडीचा जन्म तर शेतीत आहे. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हे १९४८ पासून ट्रॅक्टर बनवायचे. १९६३ मध्ये त्यांनी स्पोर्ट्स कारची कंपनी काढली आणि १९६६ मध्ये त्यांच्या ‘मिउरा’ गाडीने सगळ्यांना चकित केलं. तिचं बारा सिलिंडरचं इंजिन पुढच्या बॉनेटखाली नव्हतं, ते होतं चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या पोटात. सचिनच्या ३६० मोडेनाचं इंजिनही तिथेच. वर काचेचं झाकण असल्याने ते बाहेरून दिसतंसुद्धा.

इंजिन मध्ये ठेवून काय मिळतं? याचा प्रयोग अंगणात करता येतो. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या दोन हातांत घ्या. हात दोन्ही बाजूंना सरळ पसरा आणि जागच्या जागी पटकन उजवीकडे वळा. लगेच थांबा. आता बाटल्या छातीशी धरा आणि तसंच वळा. दुसऱ्या वेळी वळणं आणि थांबणं किती सोपं गेलं! वजन तेवढंच होतं, फक्त मध्यभागी आलं. गाडीचंही तसंच. जड इंजिन दोन्ही चाकजोड्यांच्या मध्ये असलं की गाडी वळणावर चटकन वळते.

आता उंची. घाटात एसटीत बसलात की प्रत्येक वळणावर आपण बाहेरच्या बाजूला कलतो, वरची बॅगही सरकते. वजन जमिनीपासून जितकं उंच, तितकी वाहन कलंडण्याची भीती जास्त. ३६० मोडेनाची उंची आहे १ मीटर २१ सेंटीमीटर. तुमच्यातले कितीतरी जण तिच्याहून उंच असाल! तिचा सांगाडा आणि बाहेरचं अंगही ॲल्युमिनियमचं. म्हणजे वजन कमी आणि तेही जमिनीलगत.

तरीही एक अडचण उरतेच. ही गाडी ताशी २९० किलोमीटरच्या पुढे जाते. एवढ्या वेगात हवा गाडीला वर उचलू बघते आणि टायरची पकड सुटू लागते. यावर उपाय? हवेलाच कामाला लावायचं! दोन कागद तोंडासमोर उभे धरा, मध्ये दोन-तीन बोटांची फट ठेवा आणि फटीतून जोरात फुंका. कागद लांब जातील असं वाटतं, पण ते जवळ येतात. फटीतली पळती हवा बाजूच्या कागदांवर कमी दाब देते आणि बाहेरची हवा त्यांना आत ढकलते. ३६० मोडेनाचं पोट गुळगुळीत सपाट आहे आणि मागच्या टोकाला ते वर वळत जातं. पुढून आत शिरलेली हवा पोटाखालून वेगाने पळते, तिथला दाब घटतो आणि वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. पूर्ण वेगात हा दाब दीडशे किलोहून जास्त असतो. जणू तुमच्या वर्गातली चार-पाच मुलं टपावर बसली आहेत! आणि गाडीचं वजन मात्र एक किलोनेही वाढत नाही. मागे पंख लावलेला नसतानाही ती जमिनीला चिकटून राहते, ती यामुळेच.

आता येऊ माझ्या सगळ्यात लाडक्या भागाकडे. सगळे विचारतात, “गाडी किती पळते?” मी विचारतो, “थांबते कशी?”

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. ब्रेक दाबले की ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. ब्रेकची तबकडी तापते आणि वारा लागून निवते. घाट उतरताना तर वेग न वाढवताही उष्णता तयार होतच राहते, कारण गाडी उंचावरून खाली येत असते. दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण ५०० मीटर खाली उतरते. ती फक्त ब्रेक दाबत उतरली, तर त्या उष्णतेत वीस लिटरहून जास्त पाणी उकळेल! म्हणून जाणते ड्रायव्हर घाटात लहान गिअर टाकतात. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. स्पोर्ट्स कारच्या मोठ्या तबकड्यांत हवा खेळण्यासाठी पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्याही याचसाठी. फेरारीला ब्रेक पुरवणाऱ्या ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. घरी किंवा शेजारी मोटरसायकल असेल तर पुढच्या चाकाच्या ब्रेकवर बघा. कितीतरी गाड्यांवर ‘बायब्रे’ हे नाव सापडेल. ते याच ब्रेम्बोचं.

कर्जतच्या मुलांनो, हेच विज्ञान तुमच्या स्टेशनावर रोज उभं असतं. कर्जत ते लोणावळा हा रेल्वेचा रस्ता साडेपाचशे मीटरहून जास्त चढतो. काही ठिकाणी तर ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर जाते. लोखंडी चाकांना हा चढ फार मोठा. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. आपण फलाटावर वडापाव खात असतो, तेवढ्यात मागे एक हलका धक्का बसतो, तो त्यांचाच. उतारावरची गाडी हाताबाहेर गेलीच, तर तिला वळवून चढावर नेणारी वेगळी लाइनही घाटात आहे. तिला म्हणतात कॅच सायडिंग. चढावर वेग आपोआप संपतो.

आणि नव्या विजेच्या इंजिनांची तर कमालच! उतार लागला की त्यांच्या मोटारी जनरेटर होतात. चाकांची ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवण्याऐवजी तिची वीज करून वरच्या तारेत परत पाठवतात. २०१९ मध्ये आलेल्या फेरारी एसएफ९० स्ट्राडाले या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन आहे आणि जोडीला तीन विजेच्या मोटारी. तीही ब्रेक लावताना वीज बनवते आणि बॅटरीत साठवते. मारानेल्लोची कोट्यवधींची गाडी आणि पळसदरीचा उतार उतरणारं रेल्वे इंजिन एकच युक्ती वापरतात.

म्हणूनच मला वाटतं, या गाड्यांवर प्रेम करायला त्या विकत घ्याव्या लागत नाहीत. त्या समजून घेता आल्या की झालं. आणि समजून घेणाऱ्याला मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर वेगाचा हट्ट धरावासाही वाटत नाही. तिथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहूनही कमी. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

शेवटी एक काम. शाळेच्या मैदानावर, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, सायकल घ्या. चुन्याची एक रेघ मारा. आधी सावकाश या आणि रेघेवर ब्रेक दाबा. सायकल कुठे थांबली ते पावलांनी मोजा. मग साधारण दुप्पट वेगाने या आणि पुन्हा मोजा. दुसरं अंतर दुप्पट येतं की चौपट? मित्रांकडूनही करून घ्या, सगळ्यांचे आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि विज्ञानाच्या बाईंना दाखवा. मारानेल्लोचे इंजिनिअरही नव्या गाडीचं हेच अंतर मोजतात.