न तोललेला डोंगर

देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर मुंबई १९२७ पासून कचरा टाकते आहे. २०२५ मध्ये तो उपसून जागा मोकळी करण्यासाठी महापालिकेने निविदा काढली. कचरा १८५ लाख टन, मुदत तीन वर्षे, अंदाजे खर्च २,३६८ कोटी रुपये.

दहा टनांच्या डंपरने वाहायचे तर साडेअठरा लाख खेपा होतात. डंपर आठ मीटर लांबीचा धरला, तर समृद्धी महामार्गावर नागपूरपासून आमण्यापर्यंत एकमेकांना चिकटून उभ्या केलेल्या डंपरच्या एकवीस रांगा लागतील. तीन वर्षांत हे संपवायचे म्हणजे रोज जवळपास १७ हजार टन, दर ५१ सेकंदांना एक डंपर, रात्री आणि भर पावसातही. आजची अख्खी मुंबई रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा काढते.

हे १८५ लाख टन काट्यावर कुणी तोललेले नाहीत. असे ढिगारे ड्रोनने मोजतात. त्यातून आकारमान कळते, वजन नाही. शिवाय देवनार खाडीकाठच्या दलदलीवर आहे. ढीग स्वतःच्या भाराने खाली किती रुतला, हे वरून दिसत नाही, त्यासाठी भोकेच पाडावी लागतात. आणि एका घनमीटरचे वजन? कुठे राडारोडा, कुठे चिंध्या आणि पिशव्या. ते एक टन धरून १८५ लाख येत असतील, तर ८०० किलो धरल्यावर १४८ लाखच उरतात. निविदेच्या हिशेबाने टनामागे १,२८० रुपये पडतात. म्हणजे घनतेच्या एका अंदाजावर ४७३ कोटी रुपये इकडचे तिकडे होतात! मला तरी डोंगराच्या उंचीपेक्षा ही रक्कम जास्त छाती दडपवणारी वाटते.

प्रत्यक्ष काम त्यामानाने सरळ. पोकलेनने ढीग फोडायचा, लांबट रांगा लावून उलथत राहायचे, म्हणजे आत हवा शिरते, ओल सुकते, कोंडलेला मिथेन सुटतो. (२०१६ च्या जानेवारीत देवनार पेटले, तेव्हा धूर शहरभर पसरला होता.) मग फिरत्या चाळणीतून मातीसारखा चुरा वेगळा, दगडविटा वेगळ्या, प्लॅस्टिक-चिंध्या वेगळ्या. प्लॅस्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीत जळतात, दगडविटा भरावाला जातात. चुऱ्याचे मात्र अवघड. त्यात काचा असतात, जड धातू असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय तो शेतात टाकता येत नाही. लाखो टनांचा हा चुरा घेणारा आधीच ठरलेला नसेल, तर डोंगर फक्त पत्ता बदलतो.

पैसे टनावर मोजायचे असतील, तर पावसाचाही विचार हवा. मे महिन्यातला ढीग जुलैत तोच असतो, पण पाणी पिऊन जड होतो. सगळ्या मालाचे वजन पाच टक्क्यांनी फुगले तर सव्वानऊ लाख टन वाढतात. एवढ्या पाण्याचे बिल ११८ कोटी.