लाचलुचपत, घराणे आणि परदेशचा व्यापार

पेढी पिढीजात घराण्याची असली म्हणजे तीत लाचलुचपतीला थारा मिळत नाही, कारण सर्वांची अब्रू एकाच नावाशी बांधलेली असते, असा एक भाबडा समज रूढ आहे. परंतु जेथे मालक, कारभारी आणि हिशेब तपासणारा हे तिघेही एकाच पंगतीचे असतात, तेथे अटकाव करणारा तिऱ्हाईतच उरत नाही, ही गोष्ट त्या समजुतीत सोयीस्करपणे विसरली जाते.

ब्राझीलच्या ओडेब्रेश्ट घराण्याचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे. नोर्बेर्टो ओडेब्रेश्ट यांनी १९४४ मध्ये साल्वादोर येथे स्थापिलेली ही बांधकामाची पेढी नातू मार्सेलो यांच्या अमदानीपर्यंत अंगोलापासून पेरूपर्यंत सरकारी कामांचे मक्ते घेऊ लागली होती. आणि लाच ही चोरूनमारून द्यावयाची चिरीमिरी न राहता तिच्यासाठी ‘संरचित व्यवहार विभाग’ असे निरुपद्रवी नाव धारण करणारे स्वतंत्र दप्तर, निराळे हिशेब आणि घेणाऱ्यांना टोपणनावे अशी व्यवस्था पेढीतच उभी राहिली. (कोणत्याही सरकारी कचेरीला हेवा वाटावा अशी ही शिस्त!)

लाच किफायतशीर ठरते, हा दुसरा समज मात्र अगदीच निराधार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयापुढे झालेल्या कबुलीप्रमाणे बारा देशांत सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलर वाटून पेढीने सुमारे ३३३ कोटी डॉलरांचा लाभ पदरात पाडून घेतला होता. पण त्याच वेळी तिच्यावर आणि तिच्या रसायन कंपनीवर मिळून किमान ३५० कोटी डॉलरांचा दंड ठरला, २०१९ मध्ये कर्जापायी न्यायालयाचे संरक्षण मागण्याची पाळी आली, आणि मार्सेलो यांच्याविरुद्धची कारवाई २०२४ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी रद्द ठरविली, तरी २०२० मध्येच टाकून दिलेले घराण्याचे नाव काही पेढीला परत मिळाले नाही. ती आज ‘नोवोनोर’ म्हणून ओळखली जाते.

तिसरा समज आपल्याकडचा : मागणारा गुन्हेगार, देणारा बिचारा. निर्यातीचा माल बंदरात अडकला असता दलालाकरवी कोणाचे हात ओले करणाऱ्या मालकाने हे ध्यानी घ्यावे की, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दलालाच्या कृत्यासाठी पेढी जबाबदार ठरू शकते, आणि संमती देणारा संचालक, मग तो घरातला वडीलधारा का असेना, किमान तीन वर्षांच्या कैदेस पात्र होतो. लाच जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेला वर्दी देणाऱ्यालाच या कायद्याचे अभय आहे.